हवा आहे नवा खलनायक

जपानच्या कॅपकॉम कंपनीने १९८८ मध्ये 'रॉकमॅन' या व्हिडिओ गेमचा दुसरा भाग बाजारात आणला. त्यातल्या आठ खलनायकांच्या कल्पना कंपनीने चाहत्यांकडून मागवल्या होत्या. जपानबाहेर हा खेळ 'मेगा मॅन' नावाने ओळखला जातो. निळ्या चिलखतातला एक छोटा यंत्रमानव टप्प्याटप्प्याने पुढे सरकतो आणि प्रत्येक टप्प्याच्या टोकाला त्याची गाठ एका बलाढ्य यंत्रमानवाशी, खेळणाऱ्यांच्या भाषेत 'बॉस'शी पडते. या आठ जागांसाठी आठ हजारांहून जास्त चित्रं आली. पुढे ही प्रथाच पडली. चौथ्या भागाच्या वेळी आकडा सत्तर हजारांवर गेला, तर १९९३ च्या सहाव्या भागासाठी तो दोन लाखांच्या पलीकडे पोहोचला. त्या खेपेला 'निन्टेंडो पॉवर' या मासिकामार्फत उत्तर अमेरिकेतल्या चाहत्यांनाही बोलावणं गेलं, आणि त्यांनी सुचवलेले नाइट मॅन आणि विंड मॅन हे दोन बॉस खेळात आले. वाचकांकडून पात्रं मागवण्याची रीत जपानला नवी नव्हती. १९७९ मध्ये सुरू झालेल्या 'किन्निकुमान' या कुस्तीवरच्या मांगामधले, म्हणजे जपानी चित्रकथेतले, कित्येक पैलवान वाचकांनीच पाठवलेले होते. व्हिडिओ गेमने ती रीत उचलली आणि जगभर नेली. आज महाराष्ट्रातल्या एखाद्या तालुक्याच्या गावातली मुलगीही मोबाइलवर काढलेलं चित्र अशा स्पर्धेला पाठवू शकते. ती पाठवते तेव्हा नेमकं काय देत असते, हा प्रश्न मात्र फारसा विचारला जात नाही. माझ्या मते पात्ररचनेच्या स्पर्धेत तिच्याकडून मागितली जाते ती कल्पना. चित्राने ती कल्पना फक्त वाहून न्यायची असते. एवढं ध्यानात आलं की काय पाठवावं, कुठे पाठवावं आणि कोणती अट दिसताच हात आखडता घ्यावा, या तिन्ही प्रश्नांची उत्तरं त्यातूनच मिळत जातात.

हे पटण्यासाठी आधी मेगा मॅनचा मूळ नियम पाहायला हवा. एखाद्या बॉसला हरवलं की त्याचं शस्त्र खेळणाऱ्याच्या हाती येतं, आणि ते शस्त्र दुसऱ्या एखाद्या बॉसला विशेष लागू पडतं. कोणाला आधी गाठायचं आणि कोणाचं शस्त्र कोणावर चालवून पाहायचं, याचा शोध हाच या खेळातला खरा आनंद आहे. अशा खेळात बॉस नुसता भीतिदायक दिसून भागत नाही. त्याचं शस्त्र त्याच्या हातात जसं शोभलं पाहिजे, तसंच तो हरल्यावर नायकाच्या हातातही उपयोगी पडलं पाहिजे. चौथ्या भागातला डस्ट मॅन पाहा. त्याच्या डोक्यावर व्हॅक्यूम क्लीनरचं तोंड आहे. तो खेळणाऱ्याला आपल्याकडे ओढून घेतो आणि भंगाराचा गोळा फेकतो, तो गोळा फुटून त्याचे तुकडे चहूकडे उडतात. ज्या टप्प्याच्या शेवटी तो उभा असतो, तिथे भंगार चिरडणारी छतं खाली येतात. दिसणं, वागणं, शस्त्र आणि जागा, सगळं 'कचरा ओढणारा यंत्रमानव' या एका कल्पनेतून फुटलेलं आहे. पाचव्या भागातला क्रिस्टल मॅनही तसाच. त्याने फेकलेला स्फटिकाचा गोळा भिंतीवर आपटून फुटतो आणि लहान गोळे होऊन खोलीभर उसळत राहतो. हे दोन्ही बॉस एकाच शाळकरी मुलाने सुचवलेले होते. युसुके मुराता हे त्याचं नाव. पुढे 'आयशील्ड २१' आणि 'वन-पंच मॅन' या मांगांचा चित्रकार म्हणून तो जगप्रसिद्ध झाला. चौथ्या भागाच्या आठ विजेत्यांसाठी कंपनीने सोनेरी रंगाची खास कार्ट्रिज बनवून दिली होती.

मुराता आज असामान्य चित्रकार मानला जातो, म्हणून शाळेतही तो चित्राच्या जोरावर जिंकला असेल, असं म्हणायचा मोह होतो. पण निवडून आलेली चित्रं जशीच्या तशी खेळात जात नसत. कॅपकॉमचे चित्रकार ती नव्याने रेखाटत, चिलखताची धाटणी इतर पात्रांशी जुळवून घेत आणि मग पडद्यासाठी त्यांचे ठिपके बसवत. ज्या फॅमिकॉम यंत्रावर हा खेळ चाले, त्याचा पडदा २५६ बाय २४० ठिपक्यांचा होता, आणि हलत्या चित्राच्या प्रत्येक तुकड्याला पारदर्शक जागा सोडली तर तीनच रंग मिळत. कागदावरची सुबक छटा, चिलखतावरची नक्षी, डोळ्यांतली चमक यातलं जवळजवळ काहीच त्या चाळणीतून खाली उतरत नसे. उतरे ती ठळक बाह्याकृती, एखादी लक्षात राहणारी हालचाल आणि शस्त्रामागची युक्ती. महाराष्ट्रात शासकीय रेखाकला परीक्षांना बसलेल्यांना हा फरक चटकन कळेल. तिथे स्मरणचित्र आणि संकल्पचित्र अशा दोन वेगळ्या प्रश्नपत्रिका असतात. संकल्पचित्रात ठरलेला आकार ठरलेल्या अटींत भरायचा असतो, आणि स्मरणचित्रात तरबेज असलेली मुलंही तिथे अडखळतात. पात्ररचनेची स्पर्धा ही संकल्पचित्राची प्रश्नपत्रिका आहे.

आता यंत्रं ताकदवान झाली, पडद्यावर लाखो रंग दिसतात, मग ही चौकट कालबाह्य झाली ना, असं कोणी म्हणेल. तसं झालेलं नाही. व्हॉल्व्ह कंपनीचा 'टीम फोर्ट्रेस २' २००७ मध्ये आला. त्याच वर्षी त्याच्या कलाकारांनी आणि अभियंत्यांनी खेळाच्या चित्रशैलीवर एक शोधनिबंध प्रसिद्ध केला. अमेरिकन चित्रकार लायनडेकर यांच्या मासिकचित्रांचा आपल्यावर कसा प्रभाव पडला, हे त्यात त्यांनी सांगितलं आहे. या खेळात नऊ प्रकारचे सैनिक आहेत. समोरून धावत येणारा सैनिक कोणत्या प्रकारचा, हे केवळ त्याच्या काळ्या बाह्याकृतीवरून ओळखू यावं, रंगावरून त्याचा संघ कळावा, आणि पायांकडून छातीकडे उजळत जाणाऱ्या छटेमुळे नजर त्याच्या हातातल्या शस्त्राकडे जावी, अशी त्यांची योजना होती. खेळणाऱ्याला अर्ध्या सेकंदात ठरवायचं असतं की पळायचं की भिडायचं. चित्राने त्याला तो निर्णय घ्यायला मदत केली पाहिजे. या खेळासाठी कोणी टोपी किंवा शस्त्र रचून पाठवायचं ठरवलं तर ती टोपी सुंदर आहे की नाही हा प्रश्न नंतरचा. ती घातल्यावर सैनिक लांबून ओळखू येईनासा झाला, तर ती खेळ बिघडवते. ठिपक्यांच्या मर्यादा गेल्या, पण खेळणाऱ्याच्या नजरेची मर्यादा कायम आहे, आणि रचना तिच्यासाठीच करायची असते. आपलं चित्र काळ्या शाईने पूर्ण भरून अंगठ्याएवढं लहान करावं आणि ते पात्र तरीही ओळखता येतं का हे पाहावं, हा जुना उपाय आजही तितकाच उपयोगाचा आहे.

इथे फॅन आर्टची स्पर्धा वेगळी काढून पाहिली पाहिजे. तिच्यात पात्र आधीच तयार असतं. चाहत्याने त्याचा एखादा नवा क्षण, नवी बाजू दाखवायची असते. जपानमध्ये १९९७-९८ या काळात 'कोरोकोरो कॉमिक' या मासिकाने पोकेमॉनच्या चित्रांच्या स्पर्धा घेतल्या. विजेत्यांना हाती ब्रश घेतलेल्या पिकाचूचं एक खास पत्ता-कार्ड देण्यात आलं. ते चित्र पिकाचूची मूळ रचना करणाऱ्या आत्सुको निशिदा यांनी काढलं होतं, आणि सुरुवातीला अशी ३९ कार्डं वाटली गेली. त्यांतल्या एका कार्डाचा सुमारे ५३ लाख डॉलरचा व्यवहार २०२२ मध्ये विक्रम म्हणून नोंदला गेला. एवढी किंमत ही संग्राहकांच्या बाजाराची करामत आहे, आणि तिच्याकडे पाहून कोणी स्पर्धेत उतरू नये. मला त्या कार्डातली दुसरी गोष्ट मोलाची वाटते: हे कार्ड ज्याला मिळालं तो चित्रकार आहे, असं ते सांगतं. पोकेमॉनच्या खेळातल्या पत्त्यांवर चित्रकाराचं नाव छापण्याची पद्धत आहे, आणि अलीकडच्या चित्रस्पर्धांत विजेत्याचं चित्र पत्त्यावर येतं तेव्हा जगभरातली मुलं ते नाव हातात धरून वाचतात. अशा स्पर्धेतही चौकट सुटत नाही. पत्ता ६३ बाय ८८ मिलिमीटरचा, त्यावर नाव, आकडे आणि मजकूर. नेहमीच्या पत्त्यावर चित्राला निम्म्याहूनही कमी जागा मिळते. आभाळभर पसरलेला देखावा तिथे गुदमरतो, आणि एकाच प्राण्याची एकच नेमकी हालचाल पकडणारं चित्र टिकतं. फरक इतकाच की फॅन आर्टमध्ये चाहता मुख्यतः चित्र देतो आणि पात्ररचनेत कल्पना. देवाणघेवाणीचा न्याय ठरवताना हा फरक निर्णायक ठरतो.

कारण कायदा चित्राला जपतो, कल्पनेला जपत नाही. भारतात हे तत्त्व सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्ये आर. जी. आनंद विरुद्ध डिलक्स फिल्म्स या खटल्यात स्पष्ट केलं. 'हम हिंदुस्थानी' या नाटकाच्या लेखकाचं म्हणणं होतं की 'न्यू दिल्ली' हा चित्रपट त्याच्या नाटकावरून उचलला आहे. प्रांतवादाचा विषय दोन्हीकडे होता. न्यायालयाने सांगितलं की विषय, कल्पना, कथाबीज यांवर कोणाचा स्वामित्वहक्क नसतो. हक्क असतो तो ती कल्पना ज्या विशिष्ट रूपात मांडली गेली त्या रूपावर. हेच तत्त्व जगात बहुतेक ठिकाणी मानलं जातं. आता हे आपल्या स्पर्धेला लावून पाहू. मुलीने पाठवलेल्या चित्रातलं चिलखत, चेहरा, रंगरेषा तिच्या. पण 'हरल्यावर ज्याची सावलीच शस्त्र बनून खेळणाऱ्याच्या मागे चालू लागते असा बॉस' ही युक्ती कायद्याच्या कुंपणाबाहेर उभी राहते. आयोजकाने तिचं चित्र नाकारलं आणि पुढच्या वर्षी सावलीचा एखादा बॉस वेगळ्या रूपात आणला, तर तिच्या हाती फारसं काही उरत नाही. त्यात चोरीच असेल असंही नाही. दोन लाख लोक एकाच चौकटीत विचार करतात तेव्हा तीच युक्ती पन्नास जणांना सुचलेली असते. पण ज्या गोष्टीला स्पर्धा सर्वाधिक किंमत देते, तीच गोष्ट कायद्याच्या दृष्टीने सर्वांत उघडी पडलेली असते, आणि भाग घेणाऱ्याला हे आधी कळायला हवं. तिच्या कल्पनेला जे काही संरक्षण मिळायचं, ते स्पर्धेच्या नियमावलीतूनच मिळेल. नाव दिलं जाईल का, मोबदला कशावर ठरेल, न निवडलेल्या चित्रांवरचा हक्क कोणाचा, ही वाक्यं त्या नियमावलीतला सगळ्यांत महत्त्वाचा मजकूर असतात, आणि बहुतेक जण नेमकी तीच न वाचता खालच्या चौकोनात खूण करतात.

इथेच सर्वांत जोरदार आक्षेप येतो. डिझाइनच्या धंद्यातले अनेक जाणते लोक म्हणतात की अशा स्पर्धा म्हणजे फुकट राबवून घेण्याची सभ्य रीत आहे. शंभर जणांनी काम करायचं आणि एकाला पैसे मिळायचे, याला ते 'स्पेक वर्क' म्हणतात आणि त्यात उतरूच नका असं बजावतात. २०१८ मध्ये युबिसॉफ्टने 'बियॉन्ड गुड अँड ईव्हिल २' या गेमसाठी हिटरेकॉर्ड या मंचामार्फत चाहत्यांकडून चित्रं आणि संगीत मागवायचं जाहीर केलं, तेव्हा गेमच्या धंद्यातल्या अनेक कलाकारांनी जाहीरपणे संताप व्यक्त केला. वापरलेल्या कामाचे पैसे द्यायची योजना त्यात होती, पण वापरल्या न गेलेल्या श्रमांचं काय, हा त्यांचा प्रश्न होता. तो प्रश्न रास्त आहे. खेळाच्या पार्श्वभूमीच्या भिंती, पोस्टर, गाणी ही पगारी कलाकारांची रोजची कामं आहेत. ती स्पर्धेच्या नावाखाली बाहेर टाकली की कुणाच्या तरी हातचं काम जातं. पण सगळ्याच स्पर्धांना हा नियम लावणं मला पटत नाही, आणि त्याला एक भक्कम पुरावा आहे. २०१० मध्ये व्हॉल्व्हने पॉलीकाउंट या गेम-कलाकारांच्या समुदायासोबत 'टीम फोर्ट्रेस २'साठी साहित्याची स्पर्धा घेतली. विजेत्यांच्या वस्तू ३० सप्टेंबर २०१० रोजी खेळात विकायला आल्या आणि विक्रीतला २५ टक्के वाटा ज्याने रचना केली त्याच्या नावावर जमा झाला. पहिल्या काही आठवड्यांतच त्या पाच कलाकारांना प्रत्येकी ३९,००० ते ४७,००० डॉलरचे धनादेश मिळाले. पुढे हीच व्यवस्था कायमची झाली, आणि जानेवारी २०१५ मध्ये कंपनीने सांगितलं की तिच्या तीन खेळांसाठी साहित्य बनवणाऱ्या १,५०० हून अधिक लोकांना २०११ पासून एकूण ५.७ कोटी डॉलरहून जास्त रक्कम गेली आहे. हेही एक प्रकारे स्पर्धेचंच रूप, पण तिथे कल्पना खेळात जाते तेव्हा तिच्या कमाईचा धागा रचनाकाराशी जोडलेला राहतो.

म्हणून स्पर्धा आणि शोषण यांच्यामधली रेषा मी अशी ओढेन. आयोजक जे मागतो ते त्याच्या चाहत्यांखेरीज कोणी देऊ शकणार नाही असं काही आहे, की पगारी माणसाने करायचं रोजचं काम आहे? मेगा मॅनने मागितलेली एकेक बॉसची कल्पना कागदाच्या एका पानावर, एका दुपारी मांडता येत होती, आणि पुढचं सगळं कसबी काम कंपनीचे पगारी लोक करत होते. मुलांना त्या खेळात आपलं काहीतरी दिसावं ही हौस दोन्ही बाजूंना होती. याउलट एखादी स्पर्धा तीन बाजूंनी रेखाटलेलं पूर्ण पात्र, रंगसंगतीचे चार पर्याय, शस्त्रांचे तपशील आणि संगणकावर घडवलेली मूर्ती मागत असेल आणि बदल्यात 'लाखो लोकांपर्यंत तुमचं नाव पोहोचेल' एवढंच देत असेल, तर ती स्पर्धा मुळीच नव्हे. ती न मांडलेली निविदा आहे, आणि तिला नकार द्यावा. मागणी जितकी मोठी, तितका मोबदल्याचा धागा ठोस हवा. आणि लिहिलेलं नाव हा त्यातला किमान भाग आहे. तो नसेल तर बाकी काही वाचायची गरज नाही.

दुसरा आक्षेप शक्यतेचा. दोन लाखांतून आठ म्हणजे २५,००० जणांत एक. मुरातासारखं उदाहरण देऊन मुलांना अशा स्पर्धांत ढकलणं म्हणजे लॉटरीचं तिकीट हाती देण्यासारखंच, असं कोणी म्हटलं तर आकडे त्याच्या बाजूने बोलतात. शिवाय जिंकूनही हाती काही न लागण्याची शक्यता असते. कॅपकॉमने 'मेगा मॅन लेजेंड्स ३' या खेळात चाहत्यांना निर्मितीत सामील करून घेतलं होतं, नव्या नायिकेचं रूप त्यांच्या मतदानाने ठरवलं होतं. जुलै २०११ मध्ये तो खेळच रद्द झाला. आणि मुराता त्या दोन विजयांमुळे मोठा झाला असं म्हणणंही धाडसाचं आहे. तो कदाचित हरला असता तरी मोठाच झाला असता. हे सगळं मान्य करूनही भाग घ्यावा असं मला वाटतं, कारण लॉटरीचं तिकीट हरलं की कागदाचा कपटा उरतो, पण इथे संकल्पचित्र उरतं. मोकळ्या वेळात चित्र काढणाऱ्या मुलांना दोन गोष्टी क्वचितच मिळतात: बाहेरून आलेली चौकट आणि न सरकणारी तारीख. व्यावसायिक काम या दोहोंनीच बनलेलं असतं. पुणे आणि मुंबईत गेम बनवणारे स्टुडिओ आहेत. युबिसॉफ्टचा पुण्यातला स्टुडिओ २००८ पासूनचा आहे, आणि २०२० मध्ये आलेला 'राजी: ॲन एन्शंट एपिक' हा प्राचीन भारतात घडणारा खेळ पुण्याच्याच नॉडिंग हेड्स गेम्सने बनवला. २०२५ च्या मे महिन्यात मुंबईत भरलेल्या वेव्ज परिषदेच्या निमित्ताने केंद्र सरकारनेही ॲनिमे, मांगा आणि कॉमिक्स यांच्या स्पर्धा घेतल्या. अशा ठिकाणी काम मागायला जाताना नुसत्या सुंदर चित्रांच्या गठ्ठ्यापेक्षा 'ही अट होती, हे तीन पर्याय मी टाकून दिले, हा ठेवला, आणि ठेवण्याचं कारण हे' असं सांगणारं एक पान जास्त बोलतं. ते पान तयार होण्यासाठी जिंकावं लागत नाही.

अलीकडे तिसरी एक अडचण उभी राहिली आहे. २०२४ च्या पोकेमॉन चित्रस्पर्धेत उपांत्यपूर्व फेरीतली ३०० चित्रं जाहीर झाल्यावर त्यातली काही कृत्रिम बुद्धिमत्तेने बनवलेली असल्याचा संशय चाहत्यांनी उघडपणे मांडला. त्यानंतर आयोजकांनी काही स्पर्धकांनी नियम मोडल्याचं सांगून त्यांना बाद केलं. आता यंत्र हवी तितकी चित्रं काढतं, मग स्पर्धेला अर्थ काय उरला, असं विचारलं जातं. माझ्या मूळ मुद्द्याकडे पाहिलं तर या प्रश्नाची धार बरीच कमी होते. गुळगुळीत, चकचकीत पृष्ठभाग यंत्राने स्वस्त केला हे खरं. म्हणजे ज्या गोष्टीला या स्पर्धांनी कधीच खरी किंमत दिली नव्हती, तीच स्वस्त झाली. एका विशिष्ट खेळाच्या नियमात बसणारी, त्याच्या आधीच्या ऐंशी बॉसपेक्षा वेगळी आणि तरी त्यांच्याच घराण्यातली वाटणारी युक्ती सुचायला तो खेळ शेकडो तास खेळलेला असावा लागतो, त्यात हरलेलं असावं लागतं. तरी परीक्षकांचं काम कठीण झालं आहे, आणि प्रामाणिक स्पर्धकावरही संशय येऊ शकतो. म्हणून कच्ची रेखाटनं, खोडलेल्या कल्पना, संगणकावरच्या थरांसकट मूळ फाइल आणि त्यांच्या तारखा जपून ठेवायला हव्यात. हा पुरावा नियमभंगाच्या आरोपात कामाला येतो, तसाच स्वामित्वहक्काच्या वादातही येतो.

भारतीय स्पर्धकाला आपला कायदा थोडा तरी माहीत असावा. १९५७ च्या स्वामित्वहक्क कायद्याप्रमाणे चित्राचा पहिला मालक साधारणपणे ते काढणाराच असतो. हक्क दुसऱ्याला द्यायचा तर तो लेखी द्यावा लागतो. कलम १९ सांगतं की मुदत लिहिलेली नसेल तर तो पाच वर्षांपुरता आणि प्रदेश लिहिलेला नसेल तर भारतापुरता मानला जाईल. म्हणूनच मोठ्या कंपन्यांच्या नियमावलीत 'कायमस्वरूपी, जगभर, विनामोबदला' असे शब्द आवर्जून असतात; ते शब्द नसते तर कायदा चित्रकाराच्या बाजूने झुकला असता. कलम ५७ आणखी मोलाचं आहे. हक्क विकल्यानंतरही हे काम माझं आहे असं सांगण्याचा आणि त्याची प्रतिष्ठेला बाधक मोडतोड रोखण्याचा अधिकार कलाकाराकडे राहतो. विज्ञान भवनातलं आपलं भित्तिशिल्प उखडून टाकलं गेलं म्हणून शिल्पकार अमरनाथ सहगल यांनी केंद्र सरकारविरुद्ध दावा लावला होता, आणि २००५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने त्यांच्या बाजूने निकाल देऊन पाच लाखांची भरपाई मंजूर केली. परदेशी आयोजकाची नियमावली मात्र बहुधा त्याच्याच देशाचा कायदा लागू करते, त्यामुळे या कलमांवर सगळी भिस्त ठेवता येत नाही. मुलांच्या बाबतीत आणखी एक गोष्ट. भारतीय करार कायद्याप्रमाणे १८ वर्षांखालील व्यक्ती करार करू शकत नाही. म्हणून चांगली स्पर्धा पालकांची संमती मागते, आणि जी मुलांना भाग घेऊ देते पण पालकांचा उल्लेखही करत नाही, तिने आपली नियमावली विचार करून लिहिलेली नाही हे उघड आहे. आईबाबांनी ती सही करण्याआधी हक्कांचा परिच्छेद मुलांसोबत बसून मोठ्याने वाचावा. यात फार तर दहा मिनिटं जातात.

चाहत्यांनी दुसऱ्याच्या विश्वात का राबावं, स्वतःची पात्रं का रचू नयेत, असंही विचारलं जातं. दोन्ही करावं, पण कोणतं कुठे द्यायचं हे ठरवून. अनेक वर्षं मनात घोळवलेली, स्वतःच्या कथेचा कणा असलेली नायिका स्पर्धेला पाठवू नये. तिथे पाठवावी ती त्या खेळाला पाहूनच सुचलेली आणि त्याच्याच नियमांत जगणारी कल्पना. ती हरली तर दुसऱ्या दिवशी परत कामाला लावता येते, कारण आनंद खटल्यातलं तत्त्व उलट बाजूनेही चालतं. कचरा ओढणारा, सावली सोडणारा किंवा भिंतींवर उसळणारा यंत्रमानव या कल्पनेवर आयोजकाचीही मालकी नसते. न निवडलेल्या चित्राचे हक्क नियमावलीने आयोजकाला एकट्याला दिलेले नाहीत ना, एवढं एकदा पाहून घ्यावं. मग त्या खेळाची खूण असलेलं सगळं उतरवावं: नावाची ठरलेली धाटणी, शिरस्त्राणाचा घाट, हाताची तोफ, ओळखीचे रंग. जे राहील ते कसं चालतं, कशाने हरतं आणि हरल्यावर मागे काय ठेवून जातं, हे एका नव्या पानावर लिहून काढावं, आणि त्याला कोणत्या जागी, कोणासमोर उभं करायचं हे आता आपलं आपण ठरवावं.